धरणाचा धोका वेगळा, धरणाची प्रकृती वेगळी: पालघर-बोईसर पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी

धरणाखाली शेती असेल तर पावसाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: "आपलं धरण धोकादायक आहे का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. धरण फुटले तर खाली काय काय जाईल, हा पहिला. धरण आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराला धोका वर्ग म्हणतात आणि दुसऱ्याच्या उत्तराला धरणाची स्थिती किंवा प्रकृती. या दोन्हींची सरमिसळ झाली की गावात एक तर विनाकारण घबराट पसरते, नाही तर विनाकारण बिनधास्तपणा येतो.

धोका वर्ग म्हणजे काय

धोका वर्ग धरणाच्या भिंतीकडे बघून ठरत नाही, तो भिंतीच्या खाली बघून ठरतो. नदीकाठी किती घरे, शाळा, रस्ते, पूल आणि पंपघरे आहेत, किती शेती आहे, पाणी पोचायला किती वेळ लागेल, या गोष्टी त्यात धरतात. अमेरिकेत यासाठी उच्च, लक्षणीय आणि कमी असे तीन वर्ग वापरतात. फुटल्यास माणसे दगावण्याची शक्यता असेल तर उच्च. जीवितहानी संभवत नाही पण मालमत्तेचे किंवा सेवांचे मोठे नुकसान होईल, तर लक्षणीय. नुकसान बहुतेक मालकापुरतेच राहणार असेल, तर कमी. आपल्याकडे धरण सुरक्षितता कायदा, २०२१ नुसार राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेने धरणांचे असे वर्गीकरण करायचे आहे. महाराष्ट्रात हे काम बघणारी संघटना नाशिकला आहे.

उच्च धोका वर्गाचे धरण म्हणजे मोडकळीस आलेले धरण नव्हे. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण घ्या. साठा सुमारे २७६ दलघमी. एक दलघमी म्हणजे १०० हेक्टर जमिनीवर एक मीटर उभे राहील इतके पाणी. धामणीच्या खाली कवडास बंधारा, पुढे सूर्येच्या काठची गावे, मासवणकडचा पाणीपुरवठा, मग सूर्या वैतरणेला मिळते. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतले कालव्याचे सिंचन, तारापूर औद्योगिक वसाहत, पालघर आणि वसई-विरार या साऱ्यांचे पाणी या एका साखळीवर उभे आहे. धरणाची भिंत कितीही ठणठणीत असली तरी त्याचा धोका वर्ग कमी येणे शक्य नाही. बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्याला धामणी दूरचे वाटते, कारण नदी त्याच्या दारातून जात नाही. नळ मात्र तिथूनच येतो.

दुसरी बाब अशी की भिंतीचा एक दगडही न हलता धोका वर्ग वाढू शकतो. चाळीस वर्षांपूर्वी धरण बांधले तेव्हा खाली नुसती भातखाचरे होती. आज तिथे चाळी, पोल्ट्री, पॉलिहाऊस, गोदाम उभे आहे. धरण तेच राहिले, पण फुटल्यावर जाणाऱ्या जीवांचा हिशोब बदलला. आपल्या भागात वीटभट्ट्यांचा मुद्दा तर हमखास सुटतो. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत नदीकाठी भट्टीवर झोपड्या पडतात, कुटुंबेच्या कुटुंबे तिथे राहतात, आणि गावच्या यादीत त्यांचे नाव नसते. कृषी सहायक किंवा ग्रामपंचायत आपत्ती आराखड्यासाठी घरांची यादी करत असेल तर ही वस्ती त्यात आली पाहिजे. गळतीच्या घटना पावसाळ्यातच होतात असे नाही, हे पुढे झांझरोळीच्या उदाहरणात दिसेल.

प्रकृती म्हणजे काय

प्रकृती बघायची तर भिंतीकडे, सांडव्याकडे आणि विमोचकाकडे जावे लागते. अमेरिकेत यासाठी समाधानकारक, बरी, खराब आणि असमाधानकारक असे शेरे देतात. त्यांत शेवटचा सर्वांत वाईट. आपल्याकडील तपासणीत त्रुटींच्या तीन श्रेणी करतात. श्रेणी १ म्हणजे अशी त्रुटी, जी दुरुस्त केली नाही तर धरण फुटू शकते. श्रेणी २ म्हणजे मोठी त्रुटी, जिची दुरुस्ती लवकर हवी. श्रेणी ३ म्हणजे किरकोळ, वर्षभरात उरकता येण्याजोगी. इथे घोटाळा होतो. आपल्या धरणाला "श्रेणी १" मिळाली असे ऐकून पहिला नंबर आल्यासारखे कोणी समजू नये. ती सर्वांत वाईट श्रेणी आहे.

आता दोन्ही एकत्र करून बघा. चांगली प्रकृती आणि उच्च धोका वर्ग असेल तर सतत देखभाल हवी, घाबरण्याचे कारण नाही. वाईट प्रकृती पण खाली नुसते माळरान असेल तर पैशाचे आणि पाण्याचे नुकसान. वाईट प्रकृती आणि खाली वस्ती, ही जोडी माणसे मारते. तिला धरण मोठे असण्याची गरज नसते.

याचा पुरावा कोकणातच आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. साठा सुमारे अडीच दलघमी, म्हणजे धामणीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, थोडीफार दुरुस्तीही झाली होती. भिंतीखालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसपेक्षा जास्त माणसे गेली. फुटण्याचे खापर खेकड्यांवर फोडले गेले, त्याची राज्यभर टर उडाली. टर उडवणे सोपे आहे. पण बिळे हा मातीच्या धरणाचा खरा आजार आहे, आणि तो एका रात्रीत होत नाही. बिळे दिसतात, वाढतात, बुजवता येतात. प्रश्न ती कोणी पाहिली आणि पाहून काय केले, हा असतो.

मातीचे धरण कसे फुटते

पालघर जिल्ह्यातील बहुतेक लहान धरणे आणि तलाव मातीचे आहेत. मातीचे धरण मुख्यतः दोन वाटांनी जाते.

पहिली वाट माथ्यावरून. सांडवा पुरला नाही की पाणी माथ्यावर चढते आणि उतारावरची माती खरवडत जाते. दगडी धरण थोडा वेळ तग धरते, मातीचे धरत नाही. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले. पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा आला. मधला दगडी सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले. म्हणून लहान तलावाच्या सांडव्यावर फळ्या, गोणी, दगड रचून "थोडं जास्त पाणी धरू, रब्बीला होईल" असा विचार कोणी करत असेल तर त्याला थांबवा. सांडव्याच्या तळापासून धरणाच्या माथ्यापर्यंतची उंची उगीच मोकळी ठेवलेली नसते. ती मोठ्या पुराची जागा आहे. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर बांधलेले जाळेही पावसाळ्यात पालापाचोळ्याने चोंदते आणि नकळत बांधच होतो.

दुसरी वाट आतून. पाणी प्रत्येक मातीच्या धरणातून झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल आणि दरवर्षी त्याच पातळीला तेवढेच असेल तर तो धरणाचा स्वभाव समजा. त्या पाण्याबरोबर माती येऊ लागली की आत पोकळी तयार होते आहे. पोकळी मागे मागे जलाशयाकडे सरकते, आणि एकदा भिडली की काही तासांत खिंडार पडते. विमोचकाची नळी भिंतीतून जाते तिथे हा धोका सर्वांत जास्त, कारण नळीभोवतीची माती नीट दाबली गेलेली नसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा अपुऱ्या अवस्थेतील विमोचकाचा भाग खचला, त्याबरोबर वरची माती खचली आणि माथा खाली आला. पुढे खडकवासलाही गेले आणि पुणे बुडाले.

झांझरोळीचा धडा

पालघर तालुक्यातील केळवे-माहीम भागाला पाणी देणाऱ्या झांझरोळी धरणाला जानेवारी २०२२ मध्ये गळती लागल्याचे दिसले. खालच्या गावांत घबराट पसरली, खबरदारी म्हणून धरणातील साठा कमी करावा लागला. धरण फुटले नाही. गळती दिसली, कळवली गेली आणि पाणी उतरवले, म्हणजे क्रम योग्य राहिला.

शेतकऱ्याच्या बाजूने मात्र या घटनेला दुसरा पदर आहे. जानेवारीत साठा उतरवणे म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पाणी जाणे. केळवे-माहीमच्या पानवेली, केळी, भाजीपाला यांना तेव्हापासून मेअखेरपर्यंत पाणी लागते. पानवेलीला एक महिना ताण बसला तर तिचे नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही. म्हणून धरणाची प्रकृती हा पीक नियोजनाचाही विषय आहे. तुमच्या तलावाच्या दुरुस्तीचे काम मंजूर असेल किंवा पाणी निम्म्यावर ठेवण्याचे आदेश असतील, तर ही माहिती ऑक्टोबरमध्येच शाखा कार्यालयातून किंवा पाणी वापर संस्थेच्या बैठकीत काढून घ्या. पाणी खात्रीचे नसेल त्या वर्षी उन्हाळी भात टाळा. भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल, हरभरा यांसारखी पिके निघतात. बारमाही बागेसाठी विहीर किंवा बोअर हा दुसरा आधार आणि ठिबक आधीच तयार हवे. दुरुस्ती अडवून पाणी मागण्यात शहाणपण नाही. एक हंगाम जाईल, पण तलाव राहील.

साठा उतरवतानाही घाई चालत नाही. पाणी फार झपाट्याने उतरले तर जलाशयाच्या बाजूचा भिजलेला उतार आधार सुटल्याने घसरू शकतो. त्यामुळे "एवढी गळती आहे तर एका दिवसात का रिकामे करत नाहीत" असा दबाव आणू नका. तो निर्णय अभियंत्याला घेऊ द्या.

भूकंपाचा मुद्दा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाचे धक्के जाणवत आहेत. बहुतेक लहान, तर फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीचा एक ४ पेक्षा जास्त तीव्रतेचा. याच पट्ट्यात दापचरीजवळ कुर्झे धरण आहे, म्हणून लोकांची काळजी स्वाभाविक आहे. काळजी योग्य प्रमाणात करायची तर दोन जुनी उदाहरणे उपयोगी पडतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता ६ पेक्षा जास्त होती. कोयनेच्या काँक्रीट धरणाला तडे गेले, पण ते फुटले नाही आणि नंतर मजबूत करण्यात आले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात मातीची अनेक लहान-मध्यम धरणे खचली आणि भेगाळली. दुष्काळामुळे जलाशय जवळजवळ रिकामे होते, म्हणून पूर आला नाही. ४ च्या आसपासचे धक्के या दोन्हींपेक्षा ऊर्जेने कितीतरी लहान. पण आधीच गळके, बिळांनी पोखरलेले किंवा सैल पायावरचे मातीचे धरण असेल तर लहान धक्क्यानंतरही बघून येणे गरजेचे. कायद्यातही भूकंपानंतर तपासणी सांगितलेली आहे. मोठा धक्का जाणवला की दुसऱ्या दिवशी पायथ्याची गळती वाढली का, माथ्यावर नवी भेग आहे का, हे बघून शाखा कार्यालयाला कळवा.

तुम्ही काय बघू शकता

अभियंत्याची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, व्हायला हवी. तुमची गुरे तिथे रोज चरतात, तुम्ही रोज त्या वाटेने जाता. कोणते चिन्ह किती गंभीर, हे माहीत असले की पुरे.

सर्वांत महत्त्वाचे गळतीचे पाणी. स्वच्छ काचेची किंवा प्लास्टिकची बाटली भरून तासभर न हलवता ठेवा. तळाला गाळ बसला तर माती वाहते आहे, त्याच दिवशी कळवा. जलाशयाची पातळी वाढलेली नसताना गळती वाढली तर पाणी स्वच्छ असले तरी कळवा. पायथ्याशी किंवा खालच्या शेतात जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येऊन भोवती वाळूचे कडे बनत असेल तर ते आणखी गंभीर. उन्हाळ्यात सगळीकडे गवत वाळलेले असताना उतारावर एकच हिरवा पट्टा दिसत असेल तर तिथे ओल पोचते आहे, ती जागा लक्षात ठेवा.

भेगांमध्ये माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग उतार घसरू लागल्याचे लक्षण असू शकते. आडवी, म्हणजे जलाशयाकडून पायथ्याकडे गेलेली भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याला थेट वाट देते. उन्हाने पडलेल्या उथळ भेगा वेगळ्या, त्या वीतभरही खोल नसतात. माथा सरळ रेषेत बघा. मध्ये खोलगट दिसला तर धरण तिथे बसले आहे, आणि पुरात पाणी पहिल्यांदा तिथूनच चढेल.

झाडांबद्दल मतभेद होतात. भिंतीवर झाडे लावली की माती धरून राहते, असे अनेकांना वाटते. गवत माती धरते. झाड वाढले की मुळे आत जातात, झाड मेले की मुळे कुजून नळ्या तयार होतात, वादळात उन्मळले तर भिंतीचा लचका तोडते. वृक्षारोपणाचा कार्यक्रम धरणाच्या भिंतीवर घेऊ नका. मोठे झालेले झाड मात्र स्वतः तोडायला जाऊ नका, मुळांची पोकळी नीट दाबून भरावी लागते. बिळे आणि वारुळे यांचेही तसेच: जागा दाखवा, बुजवण्याचे काम खात्याला करू द्या.

आणि एक सवय आपली आपणच मोडायला हवी. पायथ्याशी झिरपणारे पाणी आयते मिळते म्हणून तिथे खड्डा खणून पंप लावतात, चार वाफे भाजी करतात. पायथ्याची माती हे धरणाचे वजन आहे. ती काढली की आतल्या पाण्याला बाहेर यायची वाट जवळ होते. वीटभट्टीसाठी पायथ्याजवळची माती जेसीबीने उचलणे तर सरळ धरण पोखरणे आहे.

कायदा कोणत्या धरणाला लागू, आणि कोणते सुटते

धरण सुरक्षितता कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्यात येते. १० ते १५ मीटर उंचीचे धरण काही अटींवर येते: माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा एक दलघमी किंवा जास्त, पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, किंवा पाया अवघड अथवा रचना नेहमीपेक्षा वेगळी असेल तर. अशा धरणाच्या मालकाने तपासण्या करायच्या, पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा आणि सर्वंकष सुरक्षा मूल्यांकन करायचे आहे. आराखड्यात धरण फुटल्यास पाणी कुठपर्यंत आणि किती वेळात पोचेल, कोणाला कोण कळवेल, हे असते. तुमच्या गावाचे नाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावे.

पूररेषेवर विसंबून राहू नका. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा धरणाच्या महत्तम विसर्गाची असते. धरण फुटल्यावरचे पाणी लाल रेषेच्याही पुढे जाऊ शकते. निळ्या रेषेच्या आत शेती चालते, पण पंपाची मोटर, खताचा साठा आणि रात्रीची राखण तिथे ठेवू नका.

दहा मीटरखालचे गावतलाव, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, शेततळी या कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी नियमित तपासणीची तशी सक्ती नाही, म्हणून गावाचा डोळाच उपयोगी पडतो. मालक कोण हे आधी शोधा: साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनाची कामे जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टर मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यावरची जलसंपदा विभागाकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो.

तक्रार लेखी द्या, पोच घ्या. अर्जात धरणाचे नाव, गळतीची जागा (विमोचकापासून अंदाजे किती पावलांवर), पहिल्यांदा कधी दिसली, त्या दिवशी जलाशय किती भरला होता आणि पाणी गढूळ की स्वच्छ, एवढे असू द्या. तारखेसह फोटो जोडा, फोटोत मापासाठी काठी किंवा फावडे ठेवा. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली तर आणखी बरे. गढूळ पाणी, उतार घसरणे, माथ्यावर पाणी चढणे यांपैकी काही दिसले तर अर्ज नंतर. आधी पोलीस पाटील, तलाठी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक. खालच्या वाड्यांना नदीच्या दिशेने नव्हे, तर नदीला आडव्या दिशेने उंचावर हलवा, आणि गुरांची दावी सोडून द्या.